कौल आणि निकाल

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला हजारो माणसं चवदार तळ्यावर सत्याग्रह करायला जमली होती. त्याच्या थोडं आधी, १४ डिसेंबरला, गावातल्या सनातनी मंडळींनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. दाव्याचा निकाल लागेपर्यंत अस्पृश्यांनी तळ्यावर जायचं नाही, असा तो हुकूम. दाव्यात डॉ. आंबेडकर स्वतः प्रतिवादी. २५ डिसेंबरला परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर जायला मात्र माणसं एका पायावर तयार असतानाही बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलायला लावला. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, ही लढाई कोर्टातच जिंकायची, असं त्यांनी ठरवलं.

ज्याला धर्मग्रंथ जाळायला भीती वाटली नाही, तो एका मुन्सफाच्या कागदापुढे थांबला, यात अनेकांना विसंगती दिसते. मला दिसत नाही. धर्माशी भांडायचं तर ते उघड्यावर, लोकांच्या विवेकाला हाक देऊन आणि ग्रंथाच्या अधिकारालाच आव्हान देऊन भांडायचं. कोर्टात भांडायचं तर वहिवाट, मालकी आणि पुरावा यांवर भांडायचं. पुढे खटला याच वाटेने गेला. वादींचं म्हणणं होतं की अस्पृश्यांनी तळ्याला शिवायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे. १९३१ ला खालच्या कोर्टात ते हरले, १९३३ ला अपिलात हरले आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयातही हरले. तळं सार्वजनिक होतं आणि रूढी अनादी असल्याचं सिद्ध झालं नाही. मनू काय म्हणतो यावर निकाल लागलाच नाही. मनूचा हिशेब दहा वर्षांपूर्वी मंडपात झाला होता. कोर्टात झाला तो एका तळ्याचा.

मी कोकणात वकिली करतो आणि आमच्या गावच्या पालखीला खांदाही देतो. ही दोन कामं एकच आहेत असं समजणारी माणसं मला रोज भेटतात. कोणी म्हणतं, धर्म हाच खरा कायदा, कोर्ट कशाला हवं? कोणी म्हणतं, कायदा आहे ना, मग देव-देवस्की मोडीत काढा. दोघांची चूक एकाच जागी आहे. धर्म पाळणं आणि कायदा चालवणं यांची कामाची रीतच वेगळी आहे, आणि एकाची रीत दुसऱ्याच्या घरात शिरली की माणसं भरडली जातात. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांमध्ये हे भरडणं अजून थांबलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गाऱ्हाणं घ्या. तळकोकणात देवापुढे नारळ ठेवून मानकरी किंवा गुरव गाऱ्हाणं घालतो. बारा-पाचाच्या देवाला, सातेरीला, रवळनाथाला, मूळपुरुषाला हाक जाते. कुणाच्या लेकराला नोकरी लागू दे, कुणाची होडी सुखरूप परत येऊ दे, आणि प्रत्येक वाक्याला सगळे मिळून म्हणतात, "व्हय म्हाराजा." तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो. सगळा गाव एका श्वासात एका माणसासाठी मागणं मागतो, याच्याइतकी सुंदर गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गाऱ्हाण्यात "नाही" म्हणायला जागा नसते, आणि ती असायची गरजही नसते. तिथे कोणी कोणाविरुद्ध उभं नसतं.

कोर्ट मात्र मुळात त्या "नाही"साठीच बांधलेलं आहे. वादी म्हणतो, पायवाट माझी. प्रतिवादी म्हणतो, नाही. त्या नाहीला समन्स जातं, मुदत मिळते, त्याचा लेखी जबाब घेतला जातो, वादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी करायला त्याला संधी मिळते, आणि तो हरला तर त्याला अपील असतं. लोक कोर्टाच्या ज्या वेळखाऊपणावर चिडतात, त्याचा बराचसा भाग त्या एकट्या माणसाच्या नाहीचा मान राखण्यात जातो.

कौलाचंही असंच आहे. पाषाणाला लावलेली उजवीकडची पाकळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. आंब्याची बाग करारावर द्यावी का, मुलीचं स्थळ पुढे न्यावं का, असं विचारायला माणूस स्वतःहून येतो आणि मिळालेलं उत्तर स्वतःपुरतं मानतो. नाही मानलं तरी पोलीस येत नाहीत. श्रद्धेचा हा व्यवहार माझ्या मते पूर्ण निर्दोष आहे, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण गावाने मिळून तिसऱ्याच माणसाबद्दल कौल लावला, अमक्याच्या घरी पालखी न्यायची की नाही असं विचारलं, की त्या क्षणी तो कौल राहत नाही. तो निकाल होतो. ज्याच्याविरुद्ध निकाल, त्याला नोटीस नाही, त्याचं म्हणणं ऐकलेलं नाही आणि वर अपीलही नाही, कारण देवाच्या वर कोण?

वाळीत टाकण्याच्या प्रकरणांचा गाभा हाच आहे. रायगड आणि रत्नागिरीतून अशा तक्रारी एकामागून एक यायला लागल्या, तेव्हाच महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला. माझ्याकडे आलेला एक माणूस आठवतो. बांधाच्या वादात तो गावकीपुढे न जाता तालुक्याच्या कोर्टात गेला होता. एवढाच त्याचा गुन्हा. बैठकीत ठरलं की गाव सोडून कोर्टात गेला तर त्याने गावही सोडावं. जो त्याच्याशी बोलेल त्याला दंड. गिरणीवाला त्याचं भात भरडून देईना. त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणल्या होत्या त्या उत्सवाच्या वर्गणीच्या जुन्या पावत्या, वडिलांच्या नावाच्या, मग स्वतःच्या नावाच्या, वर्षावार लावलेल्या. शिमग्यात त्याच्या बायकोने खळं सारवून ठेवलं होतं, ओटी तयार होती, आणि पालखी त्याच्या बेड्यावरून, म्हणजे अंगणाच्या दारावरून, तशीच पुढच्या घरी गेली. मी त्याला फिर्यादीबद्दल, शिक्षेबद्दल सांगायला लागलो तर तो म्हणाला, "माका कोणाक तुरुंगात घालूचा नाय. तेंका सांगा, माझी वर्गणी घेवक."

हे वाक्य मला आजही पुरून उरतं. त्याला धर्म सोडायचा नव्हता. त्याला धर्म पाळायचा होता, आणि धर्माच्या नावाने भरलेल्या एका बिनकागदी कोर्टाने त्याला तो पाळू दिला नाही. वाळीत टाकणाऱ्यांना "ही आमची धर्माची बाब" म्हणायचा हक्क नाही, असं मी म्हणतो ते यासाठी. दंड, बंदी आणि हुकूम ही सत्तेची हत्यारं आहेत. ज्याला ती वापरायची, त्याने सत्तेवरची बंधनंही घ्यायला हवीत.

२०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्काराच्या व्याख्येत नुसतं बोलणं बंद करणं येत नाही. धार्मिक विधी करू न देणं, उत्सवात, मिरवणुकीत भाग घेऊ न देणं, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे हा कायदा देवाच्या पालखीविरुद्ध नाही. पालखी सगळ्यांच्या दारात जावी यासाठी तो आहे. गावागावांतून "कायद्याने आमची परंपरा बुडवली" म्हणून ओरड होते, ती करणाऱ्यांनी ही व्याख्या एकदा तरी वाचलेली असावी अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

यावर गावकीचं एक उत्तर आहे, आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही. कोकणात सामायिक सातबारा, मुंबईला गेलेले सहहिस्सेदार आणि वारस नोंदी न झालेल्या जमिनी यांमुळे वाटपाचा साधा दावाही एका पिढीत संपत नाही. गावकी तोच तंटा देवळाच्या सभामंडपात एका रात्रीत मिटवते, कोर्ट फी नाही, वकिलाची फी नाही. हे खरं आहे. कितीतरी तंटे असेच मिटावेत, असं मलाही वाटतं. तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली ती याच विचाराने. लोक अदालतीत तर तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ मिळतं आणि त्यावर अपीलही नसतं. पण तिथे दोन्ही बाजूंची सही लागते. सही करायची नसेल तर माणूस उठून घरी जाऊ शकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला दुकानात तेल-मीठ मिळतं. गावकीने एवढं मान्य केलं तर तिच्या बैठकीला माझा काडीचाही विरोध नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, कारण चूक फक्त गावकीच करते असं नाही. कोर्टही धर्माच्या घरात शिरतं. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धर्माचा आवश्यक भाग कोणता, हे त्या धर्माच्या शिकवणीवरूनच ठरवावं लागेल. तेव्हापासून न्यायाधीश पोथ्या वाचायला बसले. कुठली प्रथा धर्माला अत्यावश्यक आणि कुठली नाही, हे काळा कोट घातलेले आम्ही लोक युक्तिवाद करून सांगतो आणि खंडपीठ त्यावर शिक्का मारतं. माझ्या मते हे काम कोर्टाचं नाही. होळीचा होम कुठल्या दिवशी लावायचा, हे जिल्हा न्यायाधीश कशावरून ठरवणार?

मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्कृतीविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द ठरवला. बहुमताचा आधार हाच, की धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणं हा त्या धर्माच्या व्यवस्थेचा भाग आहे. विरोधात उभे राहिले ते एकटे सरन्यायाधीश सिन्हा. त्यांनी बहिष्कृत माणसाच्या बाजूने पाहिलं. त्याचे नागरी हक्क जातात, तो आपल्याच समाजात परका होतो, आणि कायदा तेवढंच थांबवू पाहतो, असं त्यांचं म्हणणं. मला तेच बरोबर वाटतं. धर्मगुरूने एखाद्याला "तू आमच्या श्रद्धेचा नाहीस" म्हणावं, तो त्याचा अधिकार. पण म्हणून त्याच्या आईच्या दफनाला जागा नाकारायची, त्याच्या दुकानात जाऊ नका असं सांगायचं, इथपर्यंत तो अधिकार पोचत नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. त्या पीठाने पोथी न उघडता फक्त एवढंच विचारावं, की या माणसाचं नागरिक म्हणून काय गेलं? महाडला हाच प्रश्न पुरला होता.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ही समज फार पूर्वीपासून आहे. कलम ९ म्हणतं की मालमत्तेचा किंवा पदाचा हक्क वादात असेल, तर तो हक्क धार्मिक विधींवर अवलंबून असला तरी दावा दिवाणी स्वरूपाचाच. म्हणजे गुरवकीचा हक्क कोणाचा, देवस्थान इनामाची जमीन कोण कसतो, हे कोर्ट ठरवील. पण पदाशी न जोडलेला निव्वळ मानपान हा दिवाणी हक्क मानला जात नाही. पहिला नारळ कोणाचा यासाठी तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढणाऱ्यांना मी परत पाठवतो ते यामुळेच. परवा असेच दोन भावकीतले लोक आले होते. त्यातला म्हातारा शेवटी म्हणाला, "देवाचा काय ता देव बघतलो, तुमी कागद बघा." कलम ९ याहून सोपं करून सांगता येणार नाही.

शपथेचा इतिहासही हेच सांगतो. १८७३ च्या शपथ कायद्यात एक तरतूद होती. एका पक्षकाराने म्हणायचं, समोरच्याने अमक्या पद्धतीने शपथ घेऊन सांगितलं तर मी ते मान्य करीन. समोरच्याने तशी शपथ घेऊन साक्ष दिली की ती साक्ष, मान्य करीन म्हणणाऱ्याविरुद्ध निर्णायक पुरावा ठरायची. देवळात हात ठेवला, दावा संपला. १९६९ च्या नव्या कायद्यात ही तरतूद ठेवली नाही. आता साक्षीदार ईश्वराला स्मरून सांगो की प्रतिज्ञेवर, त्याच्या साक्षीचं वजन सारखंच, आणि उलटतपासणीही तितकीच कडक. जुनी तरतूद परत हवी असं म्हणणारे अशील मला भेटतात. मी त्यांना सांगतो, देवाला घाबरणारा माणूस त्या रीतीत हरायचा, आणि न घाबरणारा जिंकायचा.

कायद्यासाठी शास्त्राचा दाखला शोधण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाच्या किमान वयाच्या, वादात दोन्ही बाजूंनी कोकणची माणसं उभी होती. मालवणात जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्राचे आधार काढून दाखवले की वयाची मर्यादा दहावरून बारा करणं शास्त्राला धरूनच आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचा विरोध होता. परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, असं ते म्हणत. भांडारकरांची विद्वत्ता आणि त्यांचा हेतू, दोन्हींबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही वाटतं की दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या शरीराला होणारी इजा हे कारण स्वतःच्या पायावर पुरेसं होतं. शास्त्र अनुकूल आहे म्हणून कायदा करा म्हटलं, की शास्त्र प्रतिकूल असेल तिथे कायदा करू नका, हेही आपण आधीच कबूल करून बसतो.

चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंडही लिहीत. १९३० ते १९६२ पर्यंत ते काम चाललं, साडेसहा हजारांवर पानं झाली आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. त्या पानांतून दिसतं ते हे, की स्मृतिकारांचं आपसात पटत नव्हतं, आणि एके काळी चाललेल्या प्रथा पुढे कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात निषिद्ध, म्हणून बंद केल्या गेल्या. "आमची परंपरा कधी बदललीच नाही" असं गावच्या बैठकीत कोणी छातीठोक सांगायला लागला की मला काणे आठवतात.

राहिला आम्हा वकिलांचा प्रश्न. गावात हमखास विचारतात, खोट्याची बाजू घेता, देवाला काय उत्तर देणार? मी सांगतो की कोर्टात मी माझी श्रद्धा मांडत नाही, अशिलाचं म्हणणं मांडतो. बार कौन्सिलचा नियमच आहे की आरोपीने गुन्हा केला असेल असं वकिलाला मनातून वाटलं तरी त्याचा बचाव नीट करायचा. वाळीत टाकल्याच्या आरोपाखाली गावकीचे पाच जण माझ्याकडे आले तर मी त्यांचंही वकीलपत्र घेईन, आणि फिर्यादीच्या साक्षीदारांना कसून विचारीन. भक्ताला असं करता येत नाही. आज एका देवापुढे गाऱ्हाणं घालून उद्या त्याच्याविरुद्ध उभं राहणं हा भक्ताचा धर्म नव्हे. वकिलाचं मात्र ते कर्तव्य आहे, कारण ज्यांनी दुसऱ्याचं म्हणणं ऐकलं नाही त्यांचंही म्हणणं ऐकलं जावं, यावरच कोर्ट उभं आहे.

म्हणूनच एक गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंना स्पष्ट सांगायला हवी. कोकणातल्या देवस्थानांच्या विश्वस्त मंडळांवर बऱ्याच ठिकाणी गावचाच वकील असतो. तोच मानकरी, तोच बैठकीत ठराव लिहिणारा आणि प्रकरण कोर्टात गेलं की देवस्थानतर्फे उभा राहणाराही तोच. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे ज्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर वकील आहे, तिच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने कोर्टात उभं राहायचं नसतं. गावात हा नियम कोणी विचारत नाही. विचारायला हवा. देवाची सेवा करायची तर विश्वस्त व्हावं, वकिली दुसऱ्याला करू द्यावी. मी आमच्या गावच्या देवस्थानचं वकीलपत्र घेत नाही, त्यावरून घरचे लोकही नाराज आहेत, आणि तरी मी घेणार नाही.

शासनाकडूनही एक अपेक्षा आहे. शिमग्याच्या आधी मानपानाचे वाद असलेल्या गावांच्या बैठका तहसीलदार आणि पोलीस ठाणी घेतात. पालखी कुठल्या वाटेने, कोणत्या वाडीत आधी, कोणाचा खांदा पुढे, यावर तास-तास जातात. यातलं बहुतेक गावाने आपसात ठरवावं, नाही ठरलं तर पुढच्या वर्षी ठरेल. अधिकाऱ्यांनी प्रत्येक गावच्या प्रमुखांकडून एकच गोष्ट लेखी घ्यावी: यंदा गावातल्या कोणत्या घरांची वर्गणी घेतलेली नाही, आणि का. ते उत्तर कागदावर आलं की बहिष्कृताला साक्षीदार शोधत फिरावं लागणार नाही. आज खटले पडतात ते तिथेच. ज्या शेजाऱ्याने त्याच्याशी बोलणं टाकलं, तोच त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कसा येणार?